ओहोटीच्या वेळी चालत जाता येते

पुस्तिका चोवीस पानांची होती. मुखपृष्ठावर निळं पाणी, पांढरी वाळू आणि मधोमध एक खडकाळ बेट. आत सायप्रस या भूमध्य समुद्रातल्या बेटाची माहिती, सगळी मराठीत. ती मी लिहिली होती. सायप्रस मी पाहिलेलं नव्हतं.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या दशकातली ही गोष्ट. भिवंडीच्या बाहेर मानकोली, दापोडे या भागात भातखाचरांवर गोदामं उभी राहत होती आणि प्रत्येक गोदामाला रंग लागत होता. रंगाची एक कंपनी आपल्या डीलरांना दर उन्हाळ्यात जोडीनं परदेशी नेत असे. दोन वर्षं बँकॉक झालं. त्या वर्षी सायप्रस ठरलं. ते नाव बहुतेकांनी प्रथमच ऐकलं होतं. काहींना तो देश आहे हे कळल्यावर, तो बेट आहे हे सांगावं लागलं.

कंपनीच्या वितरकाचं गोदाम दापोड्याला होतं. मी तेव्हा एका दैनिकाचा भिवंडीचा वार्ताहर होतो. वितरकानं मला बोलावून इंग्रजी माहितीपत्रकांचा गठ्ठा समोर ठेवला.

"आपली माणसं इंग्रजी वाचत नाहीत, साहेब. तिकडे जाऊन विचारतात, इथं बघायचं काय. तुम्ही मराठीत लिहून द्या. काय बघायचं, कुठं पोहायचं, काय खेळायचं, काय खायचं."

मी पंधरा दिवसांत लिहून दिलं. माहितीपत्रकं होती, सायबर कॅफेतून काढलेले काही कागद होते. बंदरावरचा जुना किल्ला, दोन हजार वर्षांपूर्वीच्या घरांतल्या रंगीत खड्यांच्या जमिनी, खडकात कोरलेल्या कबरी, डोंगरातली गावं आणि तिथल्या बायकांचं लेस विणणं. समुद्राच्या भागात काचेच्या तळाची होडी, केळ्याच्या आकाराची रबरी नाव, दोरीनं ओढायचं पॅराशूट. खाण्याच्या पानावर, तव्यावर तळलं तरी न वितळणारं चीज, शाकाहारी मंडळींसाठी ठळक अक्षरांत. प्रत्येक गोष्ट कुठल्या कागदावरून घेतली ते मला सांगता आलं असतं. एक वाक्य सोडून.

ते वाक्य एकोणिसाव्या पानावर होतं. एका किनाऱ्यासमोर छोटं बेट आहे, किनाऱ्यापासून जवळ आहे आणि तिथे सहज पोहोचता येतं, एवढंच इंग्रजी कागदावर होतं. मी लिहिलं, "ओहोटीच्या वेळी या बेटावर चालत जाता येते."

लिहिताना हात थांबला नाही. आमचं घर काल्हेरच्या बाजूला खाडीकाठचं. खाडीत एक उंचवटा होता. भरतीला तो सुटा पडायचा, ओहोटीला आम्ही पोरं चिखल तुडवत तिथं खुबे, म्हणजे खायच्या शिंपल्या, गोळा करायला जायचो. काठाजवळचं बेट म्हणजे ओहोटीला चालत जायची जागा, हे माझ्यासाठी वेगळं तपासून पाहण्यासारखं नव्हतंच.

माझी थोरली बहीण आणि मेहुणे त्याच सहलीला निघाले होते. मेहुण्यांचं, म्हणजे दाजींचं, मानकोली नाक्यावर रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान. ते खाडीतच वाढलेले, पोहण्यात पटाईत. ताईला पोहता येत नव्हतं. आमच्याकडे मुलींना पोहायला कोणी शिकवलं नाही. त्यांना ओहोटीची वेळ काढायला शिकवलं.

निघायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ताई पुस्तिका मोठ्यानं वाचत होती. शेजारच्या दोघी-तिघी ऐकत होत्या. एका खडकापाशी सौंदर्याची देवी समुद्राच्या फेसातून जन्मली, असं त्यात होतं.

"फेसातून?" दाजी म्हणाले. "साबणाची फॅक्टरी असंल तवा तिथं."

"तुम्ही गप ऱ्हावा. एवढा अभ्यास करून लिवलंय त्यानं."

मग तिनं एकोणिसावं पान उघडलं. त्यावर तिनं आधीच पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवली होती.

"हे बेटाचं खरं हाय ना रं?"

"कुठलं?"

"ओहोटीला चालत जायचं."

"छापलंय ना," मी म्हणालो.

ते माझं उत्तर मला पुढे पुष्कळदा आठवलं. तेव्हा ते मला गमतीचं वाटलं होतं.

सहल निघाली. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या कचेरीतला फोन वाजला. कचेरी म्हणजे एसटी स्टँडजवळच्या दुकानावरची एक खोली. ताई कॉलिंग कार्डावरून बोलत होती. तिकडे साडेआठ वाजले होते. सायप्रसचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, हेही पुस्तिकेत होतं.

तिनं भराभर सांगितलं. किल्ला बघितला. खड्यांच्या जमिनी बघितल्या, त्यावरून चालू देत नाहीत. तळलेलं चीज रबरासारखं लागतं. काचेच्या होडीत वज्रेश्वरीकडच्या डीलरांना उलटी झाली.

"आज मोकळा दिवस हाय. निम्मी माणसं बाजाराला चाललीत. आम्ही बारा-तेरा जण त्या बेटावर जाणार."

"कधी?"

"दीडला. यांनी तिथी काढलीय. आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती झाली, म्हंजे दीडला ओहोटी."

खाडीवरचं हे जुनं गणित. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. घड्याळ आणि पंचांग, दोनच वस्तू लागतात.

"आपली तिथी तिकडे चालेल?" मी विचारलं.

मागून दाजींचा आवाज आला. "त्याला विचार, चंद्र काय दुसरा लावलाय का इथं?"

ताई हसली. कार्डाचे पैसे संपत आले म्हणाली आणि फोन ठेवला.

मी एक बातमी पुरी करून फॅक्सनं पाठवली. मग मनात आलं की तिकडची भरती-ओहोटीची वेळ खरंच पाहावी. शंका आली म्हणून नव्हे. पाऊणपटीचं गणित इतक्या दूर जुळतं का, याचं कुतूहल होतं. जुळलं तर त्यावर पेपरात एक चौकट होईल, असंही वाटलं. खालच्या गल्लीत सायबर कॅफे होता. तिथं जाऊन बसलो तेव्हा पावणेएक झाला होता.

वेळांचा तक्ता सापडला नाही. एका पानावर सापडलं ते वेगळंच. भूमध्य समुद्र जवळजवळ चारही बाजूंनी बंद आहे. त्याच्या बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटी नावापुरतीच असते. पाणी वीतभर चढतं, वीतभर उतरतं. पोहायला जाणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

मी ते दोनदा वाचलं. मग त्या किनाऱ्याचं नाव टाकून शोधलं. एका इंग्रज प्रवाशानं लिहिलं होतं की तो त्या बेटापर्यंत पोहत गेला, पंधरा मिनिटं लागली, मध्ये पाणी खोल आणि इतकं नितळ की तळ हाताशी आल्यासारखा दिसतो.

तेवढ्यात लाइट गेली. एक वाजता लोडशेडिंग सुरू होई. पडदा काळा झाला आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतले लूम, म्हणजे यंत्रमाग, एकामागून एक थांबले. भिवंडीत लूम थांबले की माणसांचे आवाज ऐकू येतात. कॅफेवाला "आता चारलाच" असं कोणाला तरी सांगत होता.

एक वाजला म्हणजे तिकडे साडेदहा. दीडला तीन तास होते.

शेजारच्या फोन बूथवरून ताईच्या हॉटेलला फोन लावला. नंबर पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर होता. पलीकडे एक बाई होती. मी इंग्रजीत सांगितलं, भारतातून आलेल्या पाहुण्यांना निरोप द्यायचा आहे, तातडीचा.

"ते दहा वाजता बाहेर पडले. दोन बस गेल्या."

"किनाऱ्यावर कुठली गेली?"

"ते मला माहीत नाही. तुम्ही निरोप सांगा, मी त्यांच्या खोलीच्या किल्लीबरोबर ठेवते."

"त्यांना सांगा, बेटावर चालत जाऊ नका. पाणी कमी होणार नाही."

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला. बहुधा लिहून घेत होती. "पाणी कमी का होईल?" तिनं विचारलं.

"होणार नाही, तेच सांगतोय. तिथं धोका आहे."

"आज समुद्र अगदी शांत आहे, सर," ती म्हणाली. दिलासा देण्याचा तिचा हेतू होता.

किल्लीबरोबर ठेवलेली चिठ्ठी ते परत आल्यावर मिळणार होती. सहलीबरोबर गेलेल्या व्यवस्थापकाचा मोबाइल नंबर पुस्तिकेत नव्हता. तो वितरकाकडे असणार. वितरकाचा फोन सतत गुंतलेला. तीन वेळा लावून पाहिला आणि स्कूटर काढली.

दापोड्याच्या रस्त्यावर ट्रेलर एकामागे एक उभे होते. एक गोदामाच्या फाटकात वळताना अडकला होता आणि त्याच्या मागे सगळे. मी कडेच्या मातीतून स्कूटर चालवत होतो आणि मनात फक्त वेळ मोजत होतो. आपले दोन म्हणजे त्यांचे साडेअकरा. आपले सव्वादोन म्हणजे पावणेबारा. ताई पाण्यात किती खोल जाईल, याचा विचार टाळण्यासाठी हे गणित बरं होतं.

तो विचार टळत नव्हता, कारण तिची सवय मला माहीत होती. लहानपणी उंचवट्यावर जाताना ती सगळ्यांच्या पुढे असे. वेळ काढलेली आहे, म्हणजे पाणी उतरणार, असा तिचा हिशेब. पाणी गुडघ्याला लागलं तरी ती मागे वळत नसे. "उतरतंय," म्हणायची आणि चालायची. तिथं ते खरंच उतरत असे.

वितरक डबा खात होता. "या साहेब, जेवा," म्हणाला.

मी नंबर मागितला. त्यानं हात धुतले, डायरी शोधली, नंबर मिळाला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा व्यवस्थापक बोलला, तेव्हा इकडे तीनला पाच कमी होते. तो बाजाराला गेलेल्या गटाबरोबर दुसऱ्या शहरात होता, बसनं तासाभराच्या अंतरावर.

"काही काळजी करू नका," तो म्हणाला. "किनाऱ्यावर तुमचे दाजी आहेत. समुद्राचा माणूस. सगळ्यांना त्यांच्याच हवाली केलंय मी."

मी म्हणालो, समुद्राचा माणूस आहे म्हणूनच काळजी आहे. ते त्याला कळलं नाही. मग सगळं पुन्हा सांगितलं. तिथं ओहोटी होत नाही. पुस्तिकेतलं वाक्य चुकीचं आहे.

"पुस्तिका तुम्हीच लिहिलीत ना?"

"हो."

"बरं. त्या बसचा ड्रायव्हर किनाऱ्यावरच थांबलाय. त्याला फोन करतो. त्याला इंग्रजी जेमतेम येतं, पण सांगतो, नो वॉक."

फोन बंद झाला. त्यानंतर दीड-पावणेदोन तास काही कळलं नाही. वितरकाच्या गोदामात रंगाच्या डब्यांच्या थप्प्या छपरापर्यंत होत्या. मी एका उलट्या डब्यावर बसून होतो. वितरकानं पुस्तिका घेतली, एकोणिसावं पान काढलं आणि वाक्य वाचलं.

"इंग्रजी कागदात असं नव्हतं?"

"नाही."

"मग ही ओळ आली कुठून?"

"माझ्याकडून."

त्यानं पुस्तिका मिटून ठेवली आणि चहा सांगितला. चार वाजले, म्हणजे तिकडे दीड. कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही असं झालं नाही. आम्ही दोघांनीही पाहिलं. चहा आला, तो निवला.

चार चाळीसला फोन वाजला. व्यवस्थापक होता. "सगळे व्यवस्थित आहेत," तो म्हणाला. "वहिनी जरा भिजल्यात."

मी विचारलं, ताई भिजली म्हणजे काय. त्याला एवढंच माहीत होतं. तो अजून वाटेतच होता.

रात्री आठच्या आत ताईचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"बेट लांबूनच बघितलं," ती म्हणाली. "पाणी गार होतं."

आणखी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. खर्च होणारं कार्ड हे आम्हा दोघांनाही सोयीचं निमित्त होतं.

काय झालं ते आठवड्यानं दाजींनी सांगितलं, मानकोलीच्या दुकानात, एका गिऱ्हाइकाला ब्रश दाखवता दाखवता. ताई आत होती. तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते बोलत होते.

ते लोक सव्वादहालाच किनाऱ्यावर पोहोचले होते. दाजींनी सवयीप्रमाणे एक काठी शोधली आणि पाण्याच्या कडेला वाळूत रोवली. खाडीवर कुठंही गेलं तरी आधी हे करतात, पाणी कुठल्या दिशेनं चाललंय ते काठी सांगते. अकरा वाजता पाणी काठीपाशीच होतं. बारा वाजता काठीपाशीच.

"साडेबाराला बी तितंच. चार बोटं सुदा हाललं न्हाय," दाजी म्हणाले. "मी बोललो, गणित चुकलं असंल तर पाणी वर तरी येईल. खाली बी न्हाय, वर बी न्हाय. मी म्हटलं, कोणी उतरू नका. ह्या पाण्याची रीत मला ठावी न्हाय."

बाकीचे हसले होते. वज्रेश्वरीच्या डीलरांनी पुस्तिका काढून वाचून दाखवली होती. "समुद्राचा माणूस म्हणं. काठी बघत बसलाय," असं कोणी तरी बोललं होतं.

"आणि ताई?"

दाजींनी ब्रश कागदात गुंडाळला, गिऱ्हाइकाला दिला. "ती बोलली, तुमच्या काठीपेक्षा माझ्या भावाला जास्ती कळतं. त्यानं वाचून लिवलंय."

एक वाजता ती उतरली. साडी खोचून, पुस्तिका हातात धरून. पाणी गुडघ्याला, मग कमरेला. तळ स्वच्छ दिसत होता, वाळूवरच्या रेघा दिसत होत्या. "उतरतंय," ती मागे वळून म्हणाली. दाजी काठावरून शिव्या देत होते. छातीएवढ्या पाण्यात तिनं आणखी एक पाऊल टाकलं आणि तळ पायाखाली नव्हता. तो दिसत होता, पण नव्हता.

दाजींनी कपड्यांसकट उडी घेतली. तिला दंडाला धरून ओढत आणलं तेव्हा तिनं दोनदा पाणी गिळलं होतं. वाळूवर ती उलटी करत असताना, निरोप तेव्हाच मिळालेला ड्रायव्हर बसकडून धावत आला. हातवारे करत "नो वॉक, नो वॉक" ओरडत होता.

"मी त्याला बोललो, भाऊ, आता कोण वॉक करतंय," दाजी म्हणाले.

गिऱ्हाईक हसलं. ताई आतून बाहेर आली आणि तिनं काउंटरवर पुस्तिका ठेवली. पानं फुगून एकमेकांना चिकटली होती, कडेला मीठ पांढरं झालं होतं.

"तिकडच्या कोणाला विचारलं होतंस का तू?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"वाचलं होतंस?"

"तेवढं एक वाक्य न्हाय."

तिनं चिकटलेली दोन पानं सोडवली. "मग आपल्या खाडीचं लिवलंस," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, असं मला आजही वाटतं. पण तो मी ऐकला त्यापेक्षा कमी असेल किंवा जास्त असेल, हे खात्रीनं सांगता येत नाही.

वितरकाकडे उरलेल्या पुस्तिकांचा गठ्ठा होता. कंपनीची आणखी एक तुकडी पुढच्या महिन्यात जाणार होती, शहापूर आणि वाड्याकडच्या डीलरांची. त्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला असेल तो चौपाटीवरचा. नव्यानं छापायला वेळ नव्हता. मी गठ्ठा घेऊन रविवारी मानकोलीला गेलो. दुकान बंद होतं. आतल्या खोलीत चटईवर बसून मी एकेक प्रत उघडून एकोणिसाव्या पानावरच्या त्या ओळीवर काट मारू लागलो. निळ्या पेनाची काट मारूनही ओळ वाचता येत होती. मी दोनदा, तीनदा मारू लागलो.

ताई येऊन समोर बसली. तिनं दुसरं पेन घेतलं आणि अर्धा गठ्ठा आपल्याकडे ओढला. बराच वेळ आम्ही पानं उलटत, काट मारत होतो.

"नुसतं खोडून कसं चालंल?" ती म्हणाली. "वर बेटाचा फोटो हाय. लोकं जाणारच. कायतरी लिवायला पायजे."

"काय लिहू?"

तिनं एक प्रत हातात धरली, मुखपृष्ठावरच्या बेटाकडे पाहिलं. बाहेर दाजी ओसरीवर कोणाला तरी काठीची गोष्ट पुन्हा सांगत होते.

"लिव," ती म्हणाली. "बेट काठावरून दिसतं."

मी कोऱ्या जागेत ते लिहिलं. ती बघत होती. नंतर तिनं माझ्या हातातली प्रत घेतली आणि आपल्या अक्षरात पुढे जोडलं, "मधे पाणी खोल आहे. ते ओसरत नाही."

उरलेल्या सगळ्या प्रतींत आम्ही तेवढंच लिहिलं.